पुण्याचा वसंत कलर रोलवर कसा टिपायचा

दरवर्षी फेब्रुवारी उजाडला की कुणाचा ना कुणाचा मेसेज येतोच, 'बाबांचा जुना कॅमेरा कपाटात सापडलाय, टेकडीवर पळस फुललाय म्हणे, कुठला रोल घालू?' आणि दरवर्षी मी तेच उत्तर देते की रोलचं नंतर बघू, सकाळी सातच्या आत टेकडीवर पोचता येईल का ते आधी सांग. खवचटपणा नाहीये हा, म्हणजे असलाच तर थोडासा आहे, पुण्यातच वाढलेय शेवटी. पण खरंच, फिल्मवर फुलांचे रंग बिघडतात ना, ते बहुतेक वेळा रोल चुकीचा घेतल्यामुळे नाही बिघडत, ते बिघडतात अकरा वाजताच्या उन्हामुळे आणि एक्सपोजर, म्हणजे फिल्मवर पडू द्यायचा उजेड, देताना केलेल्या कंजूषपणामुळे. मी स्वतःचे बरेच रोल फुकट घालवून हे शिकलेय, तुम्ही निदान दोन-तीनातच शिका.

आधी आपला वसंत कसा असतो ते बघा

इंग्लंड-अमेरिकेतल्या लोकांचे फोटो बघून जाल तर निराश व्हाल. तिकडे वसंतात झाडाखालची जमीन फुलांनी भरते आणि वर कोवळी हिरवी पालवी असते. आपल्याकडे उलटं असतं, फाल्गुन-चैत्रात जमीन करपलेली, गवत पिवळं, पायाखाली पाचोळा कुरकुरतोय आणि फुलं सगळी वर, निष्पर्ण फांद्यांवर. जमिनीवरचा रानफुलांचा गालिचा हवा असेल तर तो पावसाळा सरताना, ऑगस्टच्या शेवटी आणि सप्टेंबरात, सोनकी-तेरड्याचा. तो वेगळा विषय आहे आणि त्याला रोलही वेगळा लागतो. इथे फक्त उन्हाळ्याच्या तोंडाशी काय मिळतं तेवढंच सांगते.

साधारण क्रम असा धरा. जानेवारीच्या शेवटापासून काटेसावर आणि पांगारा. फेब्रुवारीत वेताळ टेकडीवर गिरिपुष्प, म्हणजे ज्याला उंदीरमारी म्हणतात ते, फिकट गुलाबी. झाड परदेशी आहे, त्याच्या लागवडीवरून लोक भांडतात आणि बरोबरच भांडतात, पण रोलवर ते गुलाबी फार गोड येतं हे नाकारता येत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, घाटाच्या कातळउतारांवर पिवळीजर्द सोनसावर आणि लालभडक धायटी. मार्चमध्ये कुसुंबाची लाल पालवी आणि पिंपळाची तांबूस पालवी, ही फुलांपेक्षा भारी असते असं माझं मत आहे. मार्च-एप्रिलमध्ये करवंदीची पांढरी फुलं, जाळीवर चढलेली कुसर, शहरात नीलमोहर. एप्रिलच्या मध्यापासून बहावा, मग ताम्हण आणि गुलमोहर. दरवर्षी ह्यात आठ-पंधरा दिवस इकडेतिकडे होतातच, त्यामुळे कॅमेरा न घेता एक फेरी मारून यायची, झाड हेरायचं, अर्ध्या कळ्या उमलल्या असतील तर पुढच्या चार-पाच दिवसांत जायचं. पूर्ण बहर येऊन गेल्यावर निम्मी फुलं खाली पडलेली असतात आणि वरची कोमेजलेली, तेव्हा मजा नाही.

रोल

हे मुद्दाम थोडक्यात आटोपते कारण लोक ह्यावरच सगळा वेळ घालवतात.

पहिल्यांदाच करताय तर कोडॅक गोल्ड २०० घ्या. रंग थोडे उबदार येतात, पिवळे-केशरी छान येतात आणि आपल्या वसंतात केशरीच जास्त असतं. सावलीतल्या जंगलासाठी पोर्ट्रा ४००, रंग मवाळ पण चुका पोटात घालते. एक्टार १०० चं ग्रेन, म्हणजे फोटोतले दाणे, फार बारीक आणि रंग भडक, पळसावर चालते, पण जरा कमी उजेड दिलात की सावल्या निळसर पडतात, त्यामुळे नवशिक्यांनी जपून.

हे झाले निगेटिव्हचे रोल, म्हणजे ज्यांवर रंग उलटे येतात आणि फोटो नंतर स्कॅन किंवा प्रिंट करून मिळतो. स्लाइडचे, म्हणजे ज्यांवर थेट खऱ्या रंगांचं चित्र येतं ते, एक्टाक्रोम ई१००, फुजीचे प्रोव्हिया १००एफ आणि व्हेल्व्हिया ५०. स्लाइड उजेडासमोर धरून बघितली की पुढे काही बघवत नाही हे मान्य, पण तिथे अर्ध्या स्टॉपची (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) चूकसुद्धा दिसते आणि व्हेल्व्हिया तर इतकी कडक की मार्चच्या उन्हात फूल पांढरं आणि सावली काळीकुट्ट. शिवाय स्लाइड ई-६ नावाच्या वेगळ्या प्रक्रियेने धुतात, ती करणाऱ्या लॅब कमी आहेत. म्हणून आधी लॅब शोधा, कुरिअरने पाठवायला लागणार असेल तर तो खर्च धरा, मग रोल घ्या.

अजून एक, सिनेमाच्या फिल्मचे कापून भरलेले स्वस्त रोल मिळतात, त्यातल्या बऱ्याच फिल्मच्या मागे काळा कार्बनचा थर असतो. तो रोल नेहमीच्या सी-४१ (रंगीत निगेटिव्ह धुण्याची प्रक्रिया) मशीनमध्ये घातला तर थर सुटून मशीन आणि इतरांचे रोल दोन्ही खराब होतात. लॅबला न सांगता देऊ नका, शिव्या खाल.

कॅमेरा तपासा, आणि रिवाइंडचा नॉब बघा

निकॉन एफएम१०, एफएम२, पेंटॅक्स के१०००, कॅनन एई-१, जे असेल ते चालेल, फक्त आतला उजेड मोजणारा मीटर चालू पाहिजे. बॅटरी नवीन टाका, ह्यातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांना एलआर४४ बटण सेल लागतात, ते घड्याळवाल्याकडेसुद्धा मिळतात. मागचं दार उघडून कडेचा काळा फोम चिकट झालाय का बघा, झाला असेल तर तिथून उजेड शिरतो आणि फ्रेमवर केशरी पट्टे येतात. रोल न घालता शटर एक सेकंदावर दाबून ऐका, एक सेकंद म्हणजे खरंच एक सेकंद वाटतोय का.

आता रोल भरायची गोष्ट. फिल्मचं टोक टेक-अप स्पूलच्या, म्हणजे फिल्म गुंडाळून घेणाऱ्या रिळाच्या, फटीत नीट घाला, दोन्ही बाजूंची भोकं दात्यांवर बसली का बघा, दार बंद करा आणि मग रिवाइंडचा, म्हणजे फिल्म परत डबीत गुंडाळायचा, नॉब हलकेच फिरवून फिल्मचा ढिलेपणा काढा. आता फिल्म पुढे न्यायचा लिव्हर मारताना तो नॉब उलटा गर्रकन फिरला पाहिजे. फिरला नाही तर आत फिल्म सरकतच नाहीये. मी एकदा सिंहगडाच्या पायथ्याशी धायटी, पळस, बहरलेला पांगारा, सगळं मनसोक्त काढत सुटले, ३६ झाले, ३७ झाले, ३८ झाले, मी म्हटलं वा, आज लक्ष्मी प्रसन्न आहे, ३९ ला पोटात गोळा आला. उघडून बघितलं तर रोल जागच्या जागी, एक फ्रेमसुद्धा पुढे गेली नव्हती. पांगारा पुढच्या वर्षीच भेटला मग. तेव्हापासून पहिल्या तीन लिव्हरला माझी नजर त्या नॉबवरच असते.

उजेड: पहिला दीड तास

मार्चच्या मध्यात पुण्यात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, एप्रिलच्या शेवटी सव्वासहाच्या जरा आधी. तिथून पुढे दीड तास तुमचा. त्यानंतर ऊन पांढरं पडतं, सावल्या टोकदार होतात आणि वाराही सुटतो. झाडांखाली तर अजून वाईट, कारण पानांतून उन्हाचे कवडसे पडतात, कवडशात आणि सावलीत सहज पाच-सहा स्टॉपचा फरक असतो, डोळ्यांना ते सुंदर दिसतं आणि फोटोत कुणीतरी चुना शिंपडल्यासारखं येतं.

ढग असते तर काम सोपं झालं असतं, पण आपल्याकडे मार्चमध्ये ढग कुठले. म्हणून ही युक्ती, टेकडीचा पश्चिम उतार निवडायचा. सूर्य पूर्वेकडून वर येईपर्यंत तो उतार टेकडीच्याच सावलीत असतो, म्हणजे वेताळ टेकडीवर पाषाणच्या बाजूला उतरलात तर शहराकडच्या बाजूला ऊन आलं तरी इथे अजून मऊ उजेड मिळतो. कुसर, करवंद, पिंपळाची पालवी असली नाजूक कामं तिकडे करायची. पळस, पांगारा, सावर ह्यांना मात्र ऊन पाहिजे, पण बाजूने किंवा मागून. पळसाची पाकळी मागून ऊन आलं की दिव्यासारखी पेटते आणि देठाजवळचा तो काळपट मखमली भाग तसाच गडद राहतो, हीच तर त्या फुलाची गंमत आहे. पोपटाच्या चोचीसारखी पाकळी म्हणून त्याला किंशुक म्हणतात, किं शुक, म्हणजे 'हा पोपट की काय'. ती चोच बाजूने दिसेल असा कोन घ्या, समोरून सपाट काढलेत तर नुसता केशरी गोळा दिसतो.

सावलीतल्या उजेडाला निळसर झाक असते, झाडाखाली हिरवी, आणि रोल तर दिवसाच्या उन्हासाठी, ५५०० केल्विनसाठी (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) बनवलेला असतो. निगेटिव्हवर हे नंतर स्कॅनमध्ये सावरता येतं. स्लाइडवर नाही, तिथे ८१ए नावाचा फिकट तपकिरी फिल्टर लावा. पोलरायझर असेल तर करंजासारख्या चकचकीत पानांवरची पांढरी चमक जाते आणि खालचा खरा हिरवा दिसतो, त्याचा फायदा निळ्या आभाळापेक्षा मला इथे जास्त वाटतो. दीड ते दोन स्टॉप उजेड खातो तेवढं लक्षात असू द्या.

मीटर, म्हणजे सगळं इथेच ठरतं

हा भाग हळू वाचा.

कॅमेऱ्यातला मीटर अडाणी असतो. त्याला समोर पळस आहे की पांढरी कुसर की काळा कातळ काही कळत नाही, तो सगळ्याला मधला करडा समजून आकडा देतो. आता निष्पर्ण पळस घ्या, मागे भलंमोठं उजळ आभाळ. मीटर आभाळ बघतो, म्हणतो 'बापरे किती उजेड', आणि कमी एक्सपोजर सुचवतो. तुम्ही ऐकता. निगेटिव्ह पातळ येतं, केशरीचा होतो विटकरी, सावल्यांमध्ये राखाडी ग्रेन. मग तुम्ही म्हणता रोल खराब होता.

निगेटिव्ह फिल्मला जास्त उजेड चालतो, दोन स्टॉप जास्त झाला तरी ती हसत घेते. कमी मात्र चालत नाही, एका स्टॉपलाच रडायला लागते. स्लाइडचं बरोब्बर उलटं, जास्त झाला की पाकळीतला तपशील कायमचा गेला.

तर निगेटिव्हसाठी माझी पद्धत. गोल्ड २०० घातलाय तर आयएसओची (रोल उजेडाला किती संवेदनशील ते कॅमेऱ्याला सांगणारी) चकती १०० वर ठेवायची, म्हणजे पहिल्यापासूनच एक स्टॉप पदरात जादा. मग आभाळाकडे न बघता झाडाच्या खोडाजवळ जायचं, सावलीकडचा भाग व्ह्यूफाइंडरमध्ये भरायचा आणि तिथला आकडा घ्यायचा. झाड दूर कड्यावर असेल तर ज्या उन्हात ते आहे त्याच उन्हात आपला तळहात धरायचा, तळहात मधल्या करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो, म्हणून त्याच्यावरून जो आकडा येईल त्यापेक्षा एक स्टॉप जास्त उघडायचं. ही चकती १०० वर ठेवूनच, दोन्ही एकत्र. साडेसातच्या कोवळ्या उन्हात मला बहुतेक एफ/८ (लेन्सचं भोक, आकडा मोठा तेवढं भोक लहान) आणि १/१२५ (शटर किती सेकंद उघडं ते) च्या आसपास आकडा येतो. आकडा घेतला की तो लॉक, मग मागे सरकून फ्रेम लावताना मीटरची सुई कितीही ओरडली तरी बदलायचं नाही. इथेच सगळे कच खातात.

मीटर मेला असेल तर जुना नियम आहेच, लख्ख उन्हात एफ/१६ आणि शटर रोलच्या आयएसओएवढा, म्हणजे २०० ला १/२५०. कोवळ्या उन्हात त्यापेक्षा दोन स्टॉप उघडा आणि वर निगेटिव्हचा आपला जादाचा एक.

स्लाइडला चकती जेवढ्याला तेवढी. आकडा फुलावरच्या सगळ्यात उजळ भागावरून घ्यायचा, आणि मग रंगाप्रमाणे वाढवायचा. पळसाचं केशरी मधल्या टोनच्या जवळच असतं, त्याला अर्धा स्टॉप पुरतो. बहाव्याच्या पिवळ्याला एक. करवंद-कुसरीच्या पांढऱ्याला दीड, नाहीतर फुलं धुतलेल्या पण नीळ जास्त झालेल्या सदऱ्यासारखी येतात. स्लाइडवर अर्ध्या-अर्ध्या स्टॉपने तीन फ्रेम काढा, निगेटिव्हवर असे तीन-तीन काढण्यात काही अर्थ नाही, त्या दोन फ्रेम दुसऱ्या झाडाला द्या.

एकदा मी अशीच पळसाखाली तळहात पुढे धरून उभी होते तेव्हा फिरायला आलेले एक आजोबा थांबले. 'हात दाखवून फोटो काढतेस होय?' मी म्हटलं उजेड मोजतेय. क्लिक केल्यावर म्हणाले, 'दाखव बघू कसा आलाय.' मी म्हटलं, 'आजोबा, ह्यात लगेच दिसत नाही, रोल आहे, धुवून यायला आठ दिवस लागतील.' त्यांनी कॅमेऱ्याकडे बघितलं, झाडाकडे बघितलं आणि म्हणाले, 'आणि तोवर चुकलेलं कळलं तर फूल थांबणारे का?' मला उत्तर सुचलं नाही. ते काठी टेकत निघून गेले.

लहान फुलं जवळून

साध्या ५० मिमी लेन्सने जास्तीत जास्त ४५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाता येतं. तेवढ्यावरून तीन सेंटिमीटरचं कुसरीचं फूल फिल्मवर जेमतेम साडेचार मिमी येतं, म्हणजे ३६ मिमी रुंद फ्रेममध्ये एक ठिपका. मॅक्रो लेन्स असेल तर उत्तम, नसेल तर एक्स्टेन्शन ट्यूब घ्या, नुसती पोकळ नळी असते, काच नाही, म्हणून स्वस्त. ५० च्या लेन्समागे २५ मिमीची नळी लावली की फूल निम्म्या आकाराचं फिल्मवर उतरतं. ह्यात उजेड एक स्टॉपपेक्षा जरा जास्त कमी होतो. कॅमेऱ्याचा मीटर लेन्समधूनच बघत असेल तर तो आपोआप धरतो, वेगळा हातातला मीटर किंवा मोबाइलचं ॲप वापरत असाल तर तुम्हाला धरावा लागेल.

खरी कटकट फोकसची. निम्म्या आकारात एफ/८ ला जेमतेम तीन मिलिमीटर खोली फोकसमध्ये राहते, एफ/१६ ला सहाच्या आत. आणि फांदी वाऱ्याने दोन सेंटिमीटर हलतेय. म्हणून फुलाचा काय भाग तुम्हाला धारदार हवाय ते आधी ठरवा, मी केसर घेते, आणि कॅमेऱ्याची पाठ त्या भागाला समांतर ठेवा. फोकसची रिंग फिरवत बसू नका, अंतर ठरवून ठेवा आणि स्वतःच पुढेमागे झुला, धारदार दिसलं की दाबा. ट्रायपॉड असेल तर केबल रिलीज, म्हणजे कॅमेऱ्याला हात न लावता शटर दाबायची तार, लावा. फांदी धरायला कपडे वाळत घालायचा चिमटा आणि जाड तार, तार जमिनीत खुपसायची, चिमट्याने फुलाच्या बरीच खाली देठ हलकेच धरायचं. तोडायचं नाही, वाकवायचं नाही, पाणी मारून खोटे दवबिंदू तर अजिबात करायचे नाहीत, मार्चमध्ये दहा वाजता पुण्यात दव कुठून आलं हे कुणीही विचारेल.

सावलीची बाजू उजळवायला मिठाईच्या बॉक्सचं झाकण घेऊन जा, आतून चंदेरी असतं ना ते. बाकी रिफ्लेक्टर वगैरे विकत घ्यायची गरज मला आजवर पडलेली नाही. वारा अडवायला छत्री, तीच ऊन अडवायला. आणि मागे काय येतंय ते बघा, पिवळं वाळलेलं गवत दूर असेल तर ते मऊ सोनेरी होऊन येतं, पण फुलाच्या लगेच मागे असेल तर काड्यांचं जंजाळ. गुडघ्याखाली गोणपाट किंवा जुनी योगा मॅट, घाणेरीचे काटे आणि गोचीड दोन्हीपासून वाचता. घरी आल्यावर पायमोज्यांच्या कडा बघा, हे मी हसण्यावारी नेलं होतं एकदा.

जंगल

टेकडीवर झाड असतं, जंगल नसतं. जंगलासाठी मुळशी-ताम्हिणीकडे किंवा भीमाशंकरला जायला लागतं, किंवा मुळशी-भोर-वेल्ह्याकडच्या एखाद्या देवराईत. देवराईत चप्पल बाहेर काढायची असेल तर काढा, पान-फूल उचलू नका, आणि गावातल्या कुणाला तरी विचारून जा, ते तुम्हाला कुठला वेल फुललाय तेही सांगतात. भीमाशंकर १९८५ पासून अभयारण्य आहे, तिथले नियम आणि वेळा पाळा. मार्च म्हणजे वणव्यांचे दिवस, काडेपेटीसुद्धा बॅगेत नको.

जंगलाच्या फोटोत सगळ्यात पहिली चूक म्हणजे आभाळाचे तुकडे. फांद्यांमधून दिसणारं प्रत्येक आभाळाचं भोक फोटोत पांढरं फटक येतं आणि डोळा तिथेच जातो. उपाय सोपा, वर बघू नका, घाटाच्या रस्त्यावर उभं राहून खालच्या उतारावर बघा. वरून बघितलं की गर्द हिरव्यात मध्येच कुसुंबाचं लाल झाड, शेजारी एखादं पोपटी, मध्ये सोनसावरीचा पिवळा ठिपका, आणि आभाळ फ्रेममध्ये नाहीच. ह्याला ८५ किंवा १३५ मिमीची लेन्स बरी पडते, झाडं एकमेकांना चिकटून येतात. दुपारकडे घाटात धुरकट होतं, त्यामुळे इथेही सकाळच.

आतमध्ये शिरलात तर उजेड कमी. साडेसातला झाडाखाली गोल्ड २०० ला, आपली चकती १०० वर धरून, एफ/४ ला १/६० किंवा १/३० येतं. हातात धरून हे जेमतेम, आणि पुढपासून मागपर्यंत धारदार हवं तर एफ/११ ला जायलाच लागतं, मग शटर पाव सेकंदावर, म्हणजे ट्रायपॉड. पहाटे अजून लवकर गेलात तर चार-चार सेकंद येतील. एवढ्या लांब एक्सपोजरला फिल्म आळशी होते, मीटरने सांगितलेल्यापेक्षा जास्त द्यावं लागतं, निगेटिव्हला मी चारचे आठ करते आणि विषय संपवते. प्रोव्हियाला १२८ सेकंदांपर्यंत काहीच वाढवावं लागत नाही, व्हेल्व्हिया ५० ला चार सेकंदांपासूनच लागतं.

शेकरू दिसलं तर कॅमेरा खाली ठेवून बघत बसा, ५० च्या लेन्सने त्याचा ठिपकाच येणारे.

उन्हाळा आणि रोल

एप्रिलात पार्क केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा टू-व्हीलरच्या डिकीत रोल ठेवणं म्हणजे भाजी फोडणीला टाकण्यासारखंच आहे, रंगांचे थर वेगवेगळ्या वेगाने बिघडतात आणि मग फोटोवर एक विचित्र झाक येते जी कुठल्याच सॉफ्टवेअरने पूर्ण जात नाही. घरी फ्रिजमध्ये ठेवा, बंद डबीत. वापरायच्या आदल्या रात्री बाहेर काढा आणि डबी लगेच उघडू नका, नाहीतर फिल्मवर दमट थर धरतो. काढून झालेला रोल महिनोन्महिने कॅमेऱ्यात ठेवू नका. बाबांच्या कपाटात कॅमेऱ्यासोबत जुना रोलही सापडला असेल तर दर दहा वर्षांना एक स्टॉप जादा द्या आणि फारशी अपेक्षा ठेवू नका.

लॅब

सी-४१ ची प्रक्रिया ठरलेली असते, डेव्हलपर ३७.८ अंशांवर, सव्वातीन मिनिटं. घरीही करता येते, किट मिळतात, आणि एप्रिलात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी अर्धं काम करूनच नळाला येतं. पण पहिले चार-पाच रोल लॅबमध्येच द्या, म्हणजे चूक तुमची की तापमानाची हा गोंधळ नको.

लॅबला दोन गोष्टी सांगायच्या, ऑटो करेक्शन बंद ठेवा आणि जमल्यास टिफ फाइल द्या. हे का, तर मी एका वर्षी ताम्हिणीच्या उतारावरची कुसुंबाची लाल पालवी काढून आणली, एका लॅबमध्ये दिली, स्कॅन आले तर पालवी तपकिरी आणि मागचं जंगल निळसर. मशीनला वाटलं फोटोवर लाल झाक चढलीये, त्याने ती काढून टाकली. काउंटरवरचा दादा म्हणाला, 'मॅडम, पानं कुठे लाल असतात?' आता काय बोलणार. निगेटिव्ह दुसऱ्यांदा स्कॅन केलं तेव्हा लाल जिथल्या तिथे होता. म्हणून निगेटिव्ह परत मागून घ्याच, नुसत्या फाइल्स घेऊन येऊ नका.

आणि निगेटिव्ह वाचायला शिका. मोबाइलवर पांढरा स्क्रीन लावून त्यावर पट्टी धरा. कडेला रोलचं नाव आणि फ्रेमचे नंबर छापून येतात. ते नंबर ठसठशीत आहेत पण तुमची फ्रेम पातळ, जवळजवळ पारदर्शक आहे, तर एक्सपोजर कमी दिलंत, चूक तुमची. नंबरच फिके असतील तर धुण्यात गडबड आहे. पट्टीवर नंबर आहेत आणि फ्रेम एकही नाही, तर वर सांगितलेला नॉब.

एक छोटी वही ठेवा. फ्रेम नंबर, झाड, किती वाजले, आकडा कुठून घेतला, खोडावरून की तळहातावरून. रोल परत आला की वही आणि पट्टी शेजारी ठेवून बसायचं. माझ्या वहीत गेल्या मार्चच्या पानावर लिहिलंय, '१४ ते १७ कुसर, पश्चिम उतार, पावणेआठ, १६ वी नीट, बाकी वाऱ्याने गेल्या'. त्याच जाळीखाली ह्या वर्षी छत्री घेऊन जाणार आहे.